२००५ ची खूण बघून झोपलो होतो : पुराची तयारी म्हणजे नक्की काय करायची?

वाशिष्ठीकाठ

मे संपत आला की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. फणस पिकून पडायला लागतात आणि पेपरात तो फोटो येतो, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मागे प्रोजेक्टर आणि खाली 'मान्सूनपूर्व तयारीचा आढावा, सर्व यंत्रणांनी सतर्क राहावे'. यंदाचा फोटो आज आला. बरेच दिवस लिहायचं डोक्यात होतं, म्हटलं आता धागा काढूनच टाकू.

माझं चिपळूणला बाजारपेठेत दुकान आहे, वह्या-पुस्तकं, दप्तरं, शाळेचं सामान, आणि वर आम्ही राहतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर बाबांनी दुकानातल्या खांबावर लाल ऑइलपेंटची पट्टी मारली, साडेपाच फुटावर. मग सुतार बोलावून चांगल्या मालाचे सगळे रॅक सहा फुटाच्या वर घेतले. पुढची सोळा वर्षं हाच आमचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा. पाऊस वाढला की खालचा माल वर चढवायचा, शटर ओढायचं, वर जाऊन झोपायचं. मधे दोन-तीनदा गुडघाभर पाणी आलं तेव्हा आराखडा पासही झाला, त्यामुळे बाबा तर खूश.

२१ जुलै २०२१, बकरी ईद होती त्या दिवशी. दिवसभर पाऊस लागलेला, रात्री लाईट गेली. ग्रुपवर मेसेज फिरत होता, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. आम्ही सतर्क झालो म्हणजे काय केलं तर वह्यांचे गठ्ठे वर चढवले, पट्टीकडे एकदा बघितलं आणि झोपलो. पहाटे जाग आली ती आवाजानं. खालून टक, टक, टक. मला वाटलं कोणतरी शटर वाजवतंय. टॉर्च घेऊन जिन्यात गेलो तर जवळजवळ अख्खा जिना पाण्यात आणि तो आवाज म्हणजे दारातला कोल्ड्रिंकचा फ्रिज, आडवा होऊन तरंगत तरंगत छताला टकरा देत होता. लाल पट्टी कुठे गेली ते शोधायलाही जागा नव्हती.

कुणाला शिव्या घालायला धागा काढलेला नाही. त्या रात्री सगळंच एकदम जुळून आलं, वर सह्याद्रीत पाऊस कोसळत होता, वाशिष्ठी नदीचं पात्र गाळानं भरलेलं, कोयनेच्या वीजघरांचं पाणी कोळकेवाडी धरणावरून आमच्याच नदीत येतं ते वेगळंच, आणि गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर म्हणजे खाडीला उधाण, पाणी बाहेर जायचं कुठून? माझा प्रश्न साधा आहे. आमच्या हातात चार-पाच तास होते. 'सतर्क राहा' ऐवजी कुणी 'तुमच्या गल्लीत दहा फूट येईल, गाडी आत्ता चढावर नेऊन लावा' असं सांगितलं असतं तर निम्मं गाव वाचलं असतं. असं सांगणारी पद्धत कुठल्या गावात आहे का? असेल तर लिहा.

कृष्णाकाठची_पोर

वाशिष्ठीकाठ, वाचताना काटा आला. अगदी सेम टू सेम आमच्या सांगलीची गोष्ट, फक्त साल २०१९.

तुम्ही विचारलंय ती पद्धत आमच्याकडे आहे, पण ती सरकारी कागदावर आली नंतर, लोकांच्या तोंडात आधीपासून होती. सांगलीत पावसाळ्यात कुणी 'कसे आहात' विचारत नाही, 'आयर्विनला किती' विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा, ४५ धोका. पण ते आकडे बाकीच्यांसाठी. तिशी ओलांडली की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडची माणसं न सांगता सामान बांधायला लागतात. म्हणजे आकड्याचं गल्लीत भाषांतर झालेलं आहे.

आता गंमत बघा. एवढं असूनही २०१९ ला बुडालो. २००५ ला पाणी ५३ च्या आसपास थांबलेलं, त्यामुळे गावभागात सगळ्यांचा हिशोब ५३ चा. माझ्या आईनं कपाट विटांवर चढवलं, गव्हाचा डबा माळ्यावर, आणि गॅस सिलेंडर नायलॉनच्या दोरीनं खिडकीच्या गजाला बांधला, वाहून जाऊ नये म्हणून. शेजारच्या काकूंना सांगत होती की २००५ ला उंबऱ्यापर्यंत आलेलं, यंदा फारतर दोन पायऱ्या जास्त. पाणी गेलं ५७ च्या वर. आठ दिवसांनी घरात शिरलो तेव्हा सिलेंडर तेवढा जागेवर होता, दोरीला लोंबकळत, बाकी कपाट पालथं आणि गव्हाला कोंब.

थोडक्यात तक्ता असून उपयोग नाही, तक्ता जिथे संपतो त्याच्या पुढच्या दोन ओळी कुणी लिहीत नाही.

वाचक_नंबर_एक

+१. वाचतोय.

कोथरूडचा_बंड्या

चांगला विषय. पण मला कळत नाही, २०२१ मध्ये हवामान खातं रेड अलर्ट देतं, सॅटेलाइट आहे, रडार आहे, आता तर फोनवर थेट अलर्ट वाजतो (२०२३ ला टेस्टिंगच्या वेळी सगळ्यांचे फोन एकदम कोकलले होते आठवतंय का, आमच्या ऑफिसात एकानं घाबरून फोन फेकला), विजेसाठी दामिनी ॲप आहे, मग लोक ऐकत का नाहीत? सगळं सरकारनंच करायचं का?

वाशिष्ठीकाठ

बंड्या, ऐकतात हो लोक. रेड अलर्ट म्हणजे काय तर जिल्ह्यात कुठेतरी २०४ मिमीच्या वर पाऊस. जुलै महिन्यात रत्नागिरी जिल्ह्याला ऑरेंज आणि रेड किती वेळा लागतो ते मोजा. दर वेळी मी अख्खं दुकान रिकामं करायचं ठरवलं तर धंदा कधी करू? अलर्टनं पावसाचं सांगितलं, माझ्या दारात किती ते नाही सांगितलं. त्या दोन्हीच्या मधे जो माणूस असायला हवा तो म्हणजे स्थानिक प्रशासन, बाकी त्यांचं काम आहे तरी काय पुरात.

पंचगंगेचा_गडी

आमच्या कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा आनि ४३ धोका, हे बारक्या पोराला पन पाठ. २०१९ ला ५५ च्या वर गेलं, परत दोन वर्सात २०२१ ला ५६ च्या वर. म्हंजे '२०१९ चा रेकॉर्ड शंभर वर्सात मोडत न्हाई' म्हननारी आमची मंडळी दोन वर्सात गप झाली.

अजून एक सांगतो. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित हायत, धरन भरलं की आपोआप उघडत्यात, एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक. टीव्हीवाला वरडतो 'पाचवा दरवाजा उघडला', आनि बाहेरगावचे पाव्हने फोन करून रडायला लागत्यात. आरं पन १४२८ गुनिले पाच म्हंजे माझ्या शेतात किती बोटं पानी, ते बोल की. आमच्या म्हाताऱ्याला ते बरोबर कळतं. राधानगरीचं पानी आमच्यापातुर यायला किती तास, कासारी-कुंभी नद्या त्यात कवा मिसळनार, सगळं त्याच्या डोक्यात. गोठ्यातली जनावरं कवा सोडायची ते तो ठरवतो, मेसेज न्हाई.

प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या लोकांस्नी १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिली. बरीच जनं अजून गावातच ऱ्हात्यात, कारन शेत इथं, म्हशी इथं, देव इथं. पूर आला की सोनतळी, उतरला की परत घर. बाहेरनं बघनारा म्हनतो अडानी हायत. दोन एकर ऊस आनि चार म्हशी घिऊन माळावर ऱ्हाऊन दाखव म्हनावं.

निवृत्त_नायब

महसूल खात्यात उभी नोकरी काढली, तेव्हा आतली बाजू सांगतो. जिल्ह्याचं नाव विचारू नका.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. कागदावर जिल्ह्याचा आराखडा, तालुक्याचा आराखडा, गावाचाही आराखडा. प्रत्यक्षात काय होतं, एप्रिल-मेमध्ये वरून पत्र येतं 'आराखडा अद्ययावत करून सादर करा', खाली क्लार्क मागच्या वर्षीची फाईल उघडतो, मुखपृष्ठावरचं साल बदलतो, आणि पाठवून देतो. मी स्वतः सही केलेली आहे अशा आराखड्यावर, खोटं कशाला बोलू. पुढे एका रात्री गावात पाणी शिरलं म्हणून त्याच आराखड्यातला बोटवाल्याचा नंबर फिरवला. मुलानं उचलला. म्हणाला, साहेब, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, बोट विकली. त्या दिवसापासून मी बदली होईल तिथे मे महिन्यात पहिलं काम एकच केलं, आराखड्यातले सगळे नंबर स्वतः बसून लावून बघायचे. पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त बंद किंवा भलत्याच माणसाचे निघाले.

दुसरं, 'निरंक' हा शब्द, म्हणजे शून्य, काही नाही. पावसाळ्यात रोज सकाळी तालुक्यातून जिल्ह्याला अहवाल जातो, जीवितहानी निरंक, वित्तहानी निरंक. निरंक लिहायची इतकी सवय होते की ज्या दिवशी खरंच काही घडलेलं असतं त्या दिवशीही सकाळचा अहवाल निरंकच जातो, कारण तलाठी पाण्यात अडकलेला असतो आणि त्याच्याकडून आकडा आलेला नसतो. (तलाठी म्हणायचं नाही म्हणे आता, ग्राम महसूल अधिकारी. पाणी तेवढंच चढतं.)

पैशाबद्दलही गैरसमज आहेत. १५ व्या वित्त आयोगानं आपत्तीच्या निधीचे भाग पाडून दिले, ८० टक्के प्रतिसादाला, २० टक्के सौम्यीकरणाला, म्हणजे पुढच्या आपत्तीचा धोका कमी करायला. त्या ८० मध्ये मदतीला ४०, पुनर्बांधणीला ३० आणि पूर्वतयारी व क्षमतावाढीला १०. शंभरातले दहा. आणि जिल्ह्यात ज्या एका माणसानं वर्षभर हेच काम बघायचं तो जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी बहुतेक ठिकाणी कंत्राटी. तो शिकून तयार होतो आणि चांगली नोकरी मिळाली की जातो.

गढीवरची_वीज

नायबसाहेब, नंबरांवरून आठवलं. आमच्या तालुक्याच्या गावात (नाव नको) पुरानंतर दोन रबरी बोटी आल्या, हार घालून फोटो वगैरे. पुढच्या पावसाळ्यात गरज पडली तेव्हा बोट गोडाऊनमध्ये, गोडाऊनची चावी एका कर्मचाऱ्याकडे आणि कर्मचारी मेव्हण्याच्या लग्नाला नाशिकला. शेवटी कुलूप तोडलं तर मशीन आहे आणि पेट्रोल नाही. चालवायला भोई समाजाची पोरं आली, ट्यूब घेऊन. त्या पोरांना ना कुठलं ट्रेनिंग ना विमा. 'आपदा मित्र' म्हणून स्वयंसेवकांची योजना आहे ना, त्यात यांना का घेत नाहीत?

कृष्णाकाठची_पोर

बोटीचा विषय निघाला म्हणून. ८ ऑगस्ट २०१९, ब्रह्मनाळ, पलूस तालुका. बोट ग्रामपंचायतीची, बाहेरची मदत पोचायच्या आधी गावकऱ्यांनीच लोकांना काढायला सुरुवात केली, माणसं जास्त झाली आणि बोट उलटली. १७ गेले, बायका आणि लेकरं जास्त. पाणी दारात आल्यावर 'बारा जणांनीच बसा' असं म्हणायला तिथे कुणीतरी अधिकाराचं लागतं, शेजारी शेजाऱ्याला उतरवू शकत नाही. त्यामुळे रबरी बोट दिली म्हणजे तयारी झाली असं मला कुणी सांगितलं की मी उठून जाते तिथून.

आणि त्याच आठवड्यात तो जीआर निघाला होता, दोन दिवसांपेक्षा जास्त घर पाण्यात असेल तर फुकट धान्य. दोन दिवस मोजायला बुडालेल्या घरात घड्याळ कोण लावणार होतं कुणास ठाऊक.

पाटबंधारे_मधला

धरणांवर अजून कुणी आलं नाही याचं आश्चर्य वाटतंय, साधारण दहाव्या प्रतिसादाला कर्नाटकातलं कृष्णेवरचं अलमट्टी येतंच.

पंचगंगेचा_गडी

आलंच की मग! अलमट्टी ५१९ वरनं ५२४ मीटर करायला निघालेत आनि आमी गप बसायचं व्हय?

पाटबंधारे_मधला

उंची वाढवायला माझाही विरोधच आहे, ५२४.२५६ केलं तर काय होईल याचा नीट अभ्यास पुढे आल्याशिवाय तर नाहीच. पण २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं हेही खरं आहे. समितीचं बोट आपल्याच खोऱ्यातल्या पावसाकडे आणि पूररेषेतल्या बांधकामांकडे होतं. तो भाग कुणाला ऐकायचा नसतो, कारण अलमट्टी दुसऱ्या राज्यात आहे आणि पूररेषेतलं बांधकाम आपल्या नगरसेवकाच्या मेव्हण्याचं.

मूळ प्रश्नाकडे येतो. वाशिष्ठीकाठ, कृष्णेचा पूर आणि तुमचा पूर या दोन वेगळ्या जाती आहेत. कृष्णेत पाणी दिवसादिवसानं चढतं, वरच्या पुलाचा आकडा बघून खालच्या गावाला सांगायला वेळ मिळतो. कोकणात घाटमाथ्यावर पडलेलं पाणी काही तासांत तुमच्या बाजारात असतं, त्यामुळे नदीची पातळी बघून इशारा द्यायचा म्हटलं तर उशीर झालेलाच असतो. तिथे वरचा पाऊस दर तासाला मोजून, भरतीची वेळ धरून अंदाज बांधावा लागतो. तरी दोन्हीकडच्या आराखड्यांचा नमुना एकच. सांगलीला चालणारा तक्ता चिपळूणला चिकटवला तर तो तुम्हाला पूर आला हे पूर आल्यावर सांगेल.

सीनामाई

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. तुमच्याकडं निदान जुनी खूण तरी हाय राव. आमी माढा तालुक्यातले. आमच्याकडं आराखडा कशाचा तर टंचाईचा. टँकर किती, विहीर अधिग्रहण किती, चारा छावणी कुठं. सीना नदी म्हंजे आमच्या पिढीनं वाळू बघितलेली नदी. २०२५ च्या सप्टेंबरात तिनं माढा, करमाळा, मोहोळ, पलीकडं भूम-परंडा सगळं उचललं. घराच्या छतावर बसून हेलिकॉप्टर बघितलं मी, आजवर टीव्हीतच बघितलेलं.

गावात एकाला पण पोहता येत नव्हतं, खोटं वाटंल. पोहणार कुठं? दोर होता तो विहिरीचा. पाणी वाढतंय म्हणून कंट्रोल रूमला १०७७ लावायचा असतो हे मला पाणी उतरल्यावर कळलं. सोयाबीन गेलं ते गेलं, पण माती गेली ना वाहून, काळी माती, तिचं काय करायचं. पंचनाम्याच्या कागदात पीक हाय, जनावर हाय, घर हाय. मातीचा रकाना शोधत बसलो, 'खरडून गेलेली जमीन' म्हणत्यात त्याला.

निवृत्त_नायब

सीनामाई, दुष्काळी तालुक्यांत ही मोठी पोकळी आहे. आराखडा करताना 'मागील २५ वर्षांतील पूर' हा रकाना तुमच्याकडे निरंक भरलेला असतो, आणि निरंक म्हणून पुढचं सगळं पान कोरं सोडतात.

कोथरूडचा_बंड्या

कोणी पूररेषांमधली निळी रेषा लाल रेषा समजावून सांगेल का? आणि ती सरळ पाळत का नाहीत?

पाटबंधारे_मधला

ढोबळमानानं २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, १०० वर्षांतून एकदा येऊ शकणारा पोचतो ती लाल. निळीच्या आत बांधकामाला बंदी, निळी आणि लालच्या मधे अटींवर.

वाशिष्ठीकाठ

ऐकायला सोपं आहे. चिपळूणला २०२१ नंतर त्या रेषा समोर आल्या तर गावाचा केवढातरी भाग रेषेच्या आत. बाजारपेठ पिढ्यान्पिढ्यांची, खाडीतून गलबतं यायची म्हणून नदीला चिकटून बसलेली. आता घर पडलं तर परत बांधता येणार नाही, विकायला काढलं तर गिऱ्हाईक नाही, बँक कर्ज देत नाही. म्हणून लोक चिडले. चिपळूण बचाव समितीनं महिनाभर साखळी उपोषण केलं तेव्हा कुठे वाशिष्ठीतला गाळ काढायला जोर आला. गाळ निघाल्यावर फरक पडलाय हे मी दुकानात बसून सांगू शकतो. एनडीआरएफची तुकडीही आता पावसाळ्यात इथेच मुक्कामाला असते, पूर्वी पुण्याहून यायची आणि येणार कशी, घाट बंद.

म्हणजे काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. पण बघा, हे सगळं २०२१ चा पूर डोळ्यासमोर ठेवून झालंय. बाबांनी २००५ ची पट्टी बघून रॅक केले तसं.

अपर्णा_वाचनवेडी

चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं, २००५ लाही भिजलं, २०२१ लाही. पुस्तकं वाळत घातलेले फोटो बघून रडू आलेलं. आणि एसटीचे ते लोक, डेपोची कॅश घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसलेले! त्यांना तसं कुठल्या आराखड्यात सांगितलं होतं?

अवांतर: वाशिष्ठीकाठ, भरपाई मिळाली का?

वाशिष्ठीकाठ

घराला दहा हजार, दुकानाला जास्तीत जास्त पन्नास हजार असं ठरलं होतं, मिळाले. वह्यांचाच माल त्याच्या कितीतरी पट. पण पंचनाम्याची खरी गंमत वेगळी. चिखल काढला तर नुकसान दाखवणार कसं, नाही काढला तर वासानं राहवत नाही. भिजलेल्या वह्या फुगून रॅकमध्ये अशा घट्ट बसल्या होत्या की पहारीनं उचकटून काढाव्या लागल्या. आम्ही एक रॅक तसाच ठेवला होता पंचनाम्याला, बायको त्याला 'साहेबांचा रॅक' म्हणायची.

कृष्णाकाठची_पोर

आणि ती लाल पट्टी? २०२१ ची काढलीत का नवीन?

वाशिष्ठीकाठ

बाबांनी ब्रश घेतला होता हातात. खांब संपला, पाणी त्याच्या वर गेलेलं. मग जिन्यात गेले आणि वरून चौथ्या पायरीवर पट्टी मारली. मुलगी रोज तिथेच बसून शाळेचे बूट घालते.

नायबसाहेब, तुमचं वाचून आज आमच्या आळीच्या यादीतले नंबर लावून बघितले. अकरापैकी चार लागले.